फोटो १९३५चा, पण प्रिंट कधीची?

काळा पोशाख, गळ्यात मोत्यांचे सर, ओठांत सिगारेट, हात खिशात आणि चेहरा पूर्ण एका बाजूला वळलेला. कोको शनेल या फ्रेंच फॅशन डिझायनरचा हा फोटो मॅन रे या छायाचित्रकाराने १९३५ मध्ये पॅरिसमध्ये काढला. शनेलने तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. ठाण्यात राम मारुती रोड किंवा गोखले रोडला चक्कर मारलीत, तर एखाद्या बुटीकच्या भिंतीवर नाहीतर फॅशन डिझायनिंगच्या क्लासच्या जिन्यात ही बाई भेटायची बरीच शक्यता आहे. कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं: "विंटेज फोटो आहे, १९३५चा."

आता गंमत बघा. पॅरिस किंवा न्यूयॉर्कच्या लिलावात याच फोटोची एखादी प्रिंट कित्येक लाखांना जाते. तोच फोटो इथे फ्रेमसकट काही शे रुपयांत मिळतो. चेहरा तोच, मोती तेच, सिगारेट तीच. मग पैसे नेमके कशाचे?

पैसे कागदाचे. फोटोला दोन तारखा असतात, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिली तारीख कॅमेऱ्याचं शटर उघडलं त्या दिवसाची, म्हणजे निगेटिव्हची, फिल्मवर उमटलेल्या उलट्या छटांच्या चित्राची. दुसरी, त्या निगेटिव्हवरून ही समोरची प्रिंट कागदावर उतरली त्या दिवसाची. बाजार ज्याला विंटेज प्रिंट म्हणतो त्यात या दोन तारखा जवळजवळ असाव्या लागतात, आणि प्रिंट छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली असावी लागते. "जवळ" म्हणजे किती, यावर जाणकारांचं एकमत नाही. कोणी पाच वर्षं धरतं, कोणी दहा. पण १९३५ची निगेटिव्ह आणि १९७५ची प्रिंट असेल, तर फोटो जुना आणि प्रिंट नवी, यात वाद नाही.

निगेटिव्ह एकच आहे, मग कधीही प्रिंट काढली तरी फरक काय पडतो, असं मोबाइलवर वाढलेली मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोबाइलमधल्या फोटोची नक्कल मुळाइतकीच असते. डार्करूममध्ये, म्हणजे प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, तसं नव्हतं. माझी बरीच वर्षं लाल दिव्याखाली गेली आहेत, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो.

जुना कृष्णधवल फोटो-कागद म्हणजे थरांचा मामला. तळाला कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र लेप, आणि सगळ्यात वर जिलेटिनमध्ये घोळलेल्या चांदीच्या क्षारांचा थर. एनलार्जरमध्ये, म्हणजे चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात, निगेटिव्ह लावायची, काही सेकंद तिच्यातून या कागदावर उजेड पाडायचा. त्या क्षणी कागदावर काहीच दिसत नाही. मग कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला की हळूहळू आधी केस, मग भुवया, मग पोशाखाचा काळा रंग वर यायला लागतो. तो काळा रंग म्हणजे शाई नव्हे, चांदीचे अतिसूक्ष्म कण. पुढे डेव्हलपिंग थांबवणारं आम्लाचं पाणी, मग न वापरलेली चांदी काढून टाकणारा हायपो, आणि शेवटी धुलाई. चांगल्या जाड कागदाला वाहत्या पाण्यात तासभर धुवावं लागे.

यातली प्रत्येक पायरी हाताची. डेव्हलपर हवा वीस अंश सेल्सियसला, आणि मे महिन्यात ठाण्याच्या नळाला येतं तेच पाणी तिशीच्या पुढे. मग मोठ्या ट्रेत बर्फाचे तुकडे, त्यात डेव्हलपरचा ट्रे, आणि एक डोळा थर्मामीटरवर. बर्फ संपला की प्रिंट भराभर काळी पडायची आणि चेहऱ्यावरचे मधले करडे रंग हातचे जायचे.

शनेलच्या फोटोत तर खरी परीक्षा त्या काळ्या पोशाखाची. उजेड दोन सेकंद जास्त पडला की पोशाख म्हणजे नुसता काळा ठोकळा, बाही कुठे संपते आणि खिसा कुठे सुरू होतो ते कळत नाही. उजेड कमी दिला तर पोशाखाची घडी दिसते, पण चेहरा पांढराफटक पडतो. मग तारेला लावलेला पुठ्ठ्याचा छोटा तुकडा उजेडात हलवत पोशाखावर सावली धरायची, आणि दोन तळव्यांमध्ये फट ठेवून चेहऱ्याला थोडा जादा उजेड द्यायचा. किती वेळ, किती हलवायचं, हे त्या माणसाच्या नजरेवर आणि त्या दिवसाच्या मूडवर. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तीच निगेटिव्ह लावून बसला तरी प्रिंट हुबेहूब तशी येत नाही.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार मुळात पियानो शिकलेला. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं तो सांगायचा. आपल्याकडे बंदिश आणि गाणं म्हणा. न्यू मेक्सिकोतल्या एका गावावर उगवलेल्या चंद्राचा १९४१चा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. त्या एका निगेटिव्हवरून त्याने पुढच्या काही दशकांत हजाराहून जास्त प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिकट रेषा दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळपास काळंभोर. माणूस तोच, निगेटिव्ह तीच, वय वाढलं तसं मत बदललं. विंटेज प्रिंटला मान मिळतो तो यासाठी: फोटो काढला तेव्हा त्या माणसाला तो कसा दिसायला हवा होता, हे त्या कागदावर आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर नंतरची प्रिंट कधीकधी जास्त देखणी असते. बाजार मात्र देखणेपणाचे पैसे देत नाही, जवळिकीचे देतो.

या जवळिकीची किंमत कुठवर जाते? मॅन रेचाच १९२४चा एक फोटो आहे. पाठमोरी बसलेली स्त्री आणि तिच्या पाठीवर व्हायोलिनला असतात तशी दोन छिद्रं. त्या काळातली मूळ प्रिंट मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरला गेली. एका छायाचित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. तोच फोटो पोस्टकार्डावर आजही मिळतो.

शनेलच्या बाबतीत मागणी दोन बाजूंनी येते. छायाचित्रं जमवणारे वेगळे, फॅशनच्या इतिहासावर जीव असलेले वेगळे. १८८३ मध्ये जन्मलेली ही बाई अनाथालयात शिवण शिकली. पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरायचं जर्सी कापड तिने बायकांच्या पोशाखात आणलं, १९२१ मध्ये स्वतःचं अत्तर काढलं आणि शोकाचा समजला जाणारा काळा रंग संध्याकाळच्या पार्टीत नेऊन बसवला. स्वतःची छबी हीच आपली जाहिरात, हे तिला फार लवकर कळलं. १९३७ मध्ये तिच्या अत्तराच्या जाहिरातीत मॉडेल नव्हती. हॉटेलातल्या आपल्या खोलीत शेकोटीजवळ ती स्वतः उभी होती.

त्याच वर्षी होर्स्ट या जर्मन छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला. त्याने पुढे सांगितलेली हकिकत अशी, की पहिला फोटो तिने नापसंत केला. पोशाख छान आलाय, पण त्यात मी कुठे आहे, असा तिचा सूर. ओळखच नाही तर फोटो कसा जमणार, असं तो म्हणाल्यावर तिने त्याला जेवायला बोलावलं आणि मग पुन्हा फोटो काढून घेतले. त्यातला आरामखुर्चीत रेलून दूर कुठेतरी बघणाऱ्या शनेलचा फोटो आज सगळीकडे दिसतो. या होर्स्टने १९८०च्या दशकात आपल्या जुन्या फोटोंच्या प्लॅटिनम-पॅलेडियम प्रिंट, म्हणजे चांदीऐवजी या धातूंत उतरवलेल्या प्रिंट, काढून घेतल्या. त्या सुंदर आहेत, टिकाऊ आहेत, महागही आहेत. पण १९३७ची निगेटिव्ह आणि ऐंशीच्या दशकातली प्रिंट, म्हणून त्यांना विंटेज म्हणत नाहीत. प्रामाणिक विक्रेता तसं स्पष्ट लिहितो.

मधल्या मधल्या प्रिंटही भरपूर असतात, आणि गोंधळ त्यांच्यामुळेच जास्त होतो. शनेलने १९३९ मध्ये आपलं फॅशन हाउस बंद केलं, १९५४ मध्ये पुन्हा उघडलं, आणि १९७१ च्या जानेवारीत ती गेली. अशी बातमी आली की वर्तमानपत्रांना जुने फोटो लागतात, आणि फोटो पुरवणाऱ्या एजन्स्या हाताशी असलेल्या निगेटिव्हवरून किंवा जुन्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून नव्या प्रती पाठवत. अशा प्रती आज खरोखरच पन्नास-सत्तर वर्षांच्या आहेत, मागे शिक्के आहेत, कोपरे दुमडलेले आहेत. दिसायला अगदी जुन्या, आणि आहेतही जुन्या. फक्त १९३५च्या नाहीत. शिवाय मॅन रे १९७६ मध्ये गेला, त्याच्या हजारो निगेटिव्ह आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्र या कलासंग्रहालयाकडे आहेत. निगेटिव्ह शाबूत असेल तर माणूस गेल्यावरही प्रिंट निघू शकते.

म्हणून तपासायचं काय, तर कागद. नौपाड्यात बुटीक चालवणारी आमच्या ओळखीची एक मुलगी परवा फ्रेम घेऊन आली. ऑनलाइन घेतलेली, "ओरिजिनल विंटेज प्रिंट" म्हणून.

"काका, एवढंच सांगा, खरी आहे का?"

"अगं, आधी फ्रेममधून बाहेर तर काढ. काचेतून काय कळणार?"

बाहेर काढली तेव्हा बोटांनाच उत्तर मिळालं. जुना कागद हातात घेतला की तो कागद वाटतो, थोडा जाड, कडेला किंचित वळलेला. ही प्रिंट सपाट, गुळगुळीत, मागून प्लास्टिकसारखी. कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर देण्याची पद्धत साधारण १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि सत्तरीत सगळीकडे पसरली. धुवायला चार मिनिटं पुरतात, म्हणून स्टुडिओवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. अशा कागदावर १९३५ची प्रिंट असूच शकत नाही. मग भिंगाखाली धरली. शनेलच्या गालावर रंगीत ठिपक्यांचा सडा. चांदीच्या प्रिंटमध्ये भिंगाखाली ओळीने मांडलेले ठिपके दिसत नाहीत. करडा रंग सलग उतरत जातो. बारीक ठिपके नियमित जाळीत असतील तर तो मासिकातला कापलेला कागद. विस्कटलेले, त्यातही निळे-गुलाबी असतील तर इंकजेट प्रिंटर. हिची तर डार्करूमशी कधी गाठच पडली नव्हती.

"म्हणजे फेकून देऊ?"

"फेकायची कशाला? भिंतीवर छानच दिसते. फक्त गिऱ्हाइकाला विंटेज म्हणून सांगू नकोस."

इतकं सोपं प्रकरण नेहमी नसतं. खरी चांदीची प्रिंट असेल, जाड कागदावर असेल, तर वय कसं ओळखायचं? इथे दुकानात नोटा तपासायला ठेवतात तो जांभळा, म्हणजे अतिनील उजेडाचा टॉर्च उपयोगी पडतो. १९५०च्या दशकापासून कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी रसायनं घालू लागले. साबणाच्या जाहिरातीत कपडे "उजळ" करतात तीच जातकुळी. अतिनील उजेडात असा कागद निळसर पांढरा चमकतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारला आणि प्रिंट चमकली, तर ती तीसच्या दशकातली नाही. मात्र उलटं खरं मानू नका. चमकली नाही म्हणजे जुनी, असं सिद्ध होत नाही, कारण नंतरच्याही काही कागदांत ही रसायनं नव्हती. टॉर्च नाही म्हणू शकतो, हो म्हणू शकत नाही.

या एका खुणेने मोठमोठे व्यवहार उघडे पडले आहेत. लुइस हाइन हा अमेरिकेतल्या बालकामगारांचे फोटो काढणारा छायाचित्रकार १९४० मध्ये गेला. त्याने स्वतः काढलेल्या म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक प्रिंट १९९०च्या दशकाच्या शेवटी तपासल्या, तर अतिनील उजेडात चमकल्या. कागदच त्याच्या मृत्यूनंतर बनलेला. त्याच दशकात जर्मनीतल्या एका संग्राहकाने मोठी रक्कम मोजून घेतलेल्या मॅन रेच्या "विंटेज" प्रिंटचंही तेच झालं. कागद त्या काळातला नव्हता. फोटो मॅन रेचेच होते. खोटी होती ती फक्त दुसरी तारीख. तेव्हापासून जुने फोटो-कागद जमवून, त्यांची जाडी, पोत, चकाकी मोजून ठेवण्याचं शास्त्रच उभं राहिलं आहे. संशयित प्रिंट त्या नमुन्यांशी ताडून बघता येते.

वयाची आणखी एक खूण घरच्या अल्बममध्येच बघायला मिळेल. आजी-आजोबांचा लग्नाचा फोटो खिडकीशी तिरका धरा. शेरवानीच्या, केसांच्या काळ्या भागात, विशेषतः कडांना, निळसर पाऱ्यासारखी चमक दिसली तर दचकू नका. हवेतला ओलावा आणि प्रदूषण यांनी चांदी थोडी विरघळते, वर येते आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसते. ही चमक यायला वर्षं लागतात आणि ती नकली आणणं सोपं नाही. पिवळे डाग मात्र वयाचा पुरावा नव्हेत. ते बहुधा धुलाई अर्धवट झाल्याचे असतात. हायपो कागदात राहिला की तो पुढे चांदीला खातो. पाण्याच्या टंचाईत एका टबात पन्नास लग्नफोटो बुचकळून काढलेल्या स्टुडिओची करणी वीस वर्षांनी वर येते. आणि चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा करणारे महाभागही आहेत.

प्रिंटची मागची बाजू बघायला कोणी विसरू नये. पुढे चेहरा असतो, मागे इतिहास असतो. स्टुडिओचा शिक्का, पत्ता, पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा नंबर, संपादकाने कुठे कापायचं त्याच्या खुणा, कागद कंपनीचं पुसट छापलेलं नाव. मॅन रेने आयुष्यात स्टुडिओ बदलले तसे शिक्केही बदलले, आणि कोणता शिक्का कोणत्या काळातला हे अभ्यासकांनी जुळवून ठेवलं आहे. १९३५ची म्हणून विकली जाणारी प्रिंट आणि मागे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पत्त्याचा शिक्का, इथेच व्यवहार थांबवावा. आपल्याकडे मागे "इंदू" असं दिसलं, तर तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद. त्या कारखान्याचं उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं, म्हणजे प्रिंट त्याआधीची नाही. शिक्काही बनवता येतो, हे खरं. म्हणून कागद, शिक्का आणि ती प्रिंट कोणाकडून कोणाकडे गेली याची कागदपत्रं, तिन्हींनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे.

शनेलच कशाला, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया घ्या. १९८३ मध्ये वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. सुरुवातीला मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत. त्या काळात त्यांचा एखाद्या स्टुडिओत काढलेला फोटो, स्टुडिओच्या शिक्क्यासह, कोणाच्या ट्रंकेत पडून असेल तर तो खऱ्या अर्थाने विंटेज प्रिंट आहे. आणि तो बहुधा रद्दीत जाणार आहे, कारण आपल्याकडे जुना फोटो म्हटलं की लोक मोबाइलने स्कॅन करतात आणि मूळ कागद टाकून देतात. स्कॅनमध्ये चेहरा वाचतो. मागचा शिक्का, कागद, दुसरी तारीख, सगळं जातं. आणि एक: प्रिंट तुमच्या मालकीची झाली म्हणून फोटो छापायचा, टी-शर्टवर टाकायचा हक्क तुमचा होत नाही. तो छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वेगळा विषय.

ठाण्यात अशी प्रिंट सांभाळायची तर खरा शत्रू पावसाळा. जिलेटिन ओलावा शोषून फुगतं आणि काचेला टेकलेलं असेल तर काचेलाच चिकटतं. म्हणून फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात माउंटची जाड चौकट हवीच. फ्रेमवाल्याला तसं बजावून सांगा, नाहीतर तो सरळ काचेला टेकवून मागे हार्डबोर्ड ठोकतो. लॅमिनेशन करू नका, फेव्हिकॉल लावू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये घालू नका. पावसाचं पाणी झिरपणारी बाहेरची भिंत टाळा, ऊन येणारीही टाळा. अल्बममधले फोटो कपाटाच्या तळाशी न ठेवता मधल्या खणात, आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेत तर ओलावा आतच कोंडेल.

आणि बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ओलं फडकं अजिबात लावू नका. बुरशी जिलेटिन खाऊन त्याला पाण्यात विरघळणारं करून ठेवते, त्यामुळे पुसायला गेलात की बुरशीबरोबर चेहराही निघून येतो. फोटो कोरड्या जागी सपाट ठेवा, पूर्ण सुकू द्या आणि मग जाणकाराला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.